पट्टी नसलेला तडा

“...मग ते चुकतं कधी?” अक्कांनी विचारलं.

“शंभरात चार वेळा,” प्रज्वल म्हणाला.

“मी ‘कधी’ विचारलं. तू ‘किती वेळा’ ते सांगितलंस.”

प्रज्वल हसला. अक्कांचे प्रश्न असेच असतात, हे त्याला कॉलेजपासून ठाऊक होतं. अक्कांनी खाली मान घातली आणि पुन्हा गवारीच्या शेंगा मोडायला घेतल्या.

देवणखेडच्या मठाचं आवार होतं ते. शुक्रवारची सकाळ. सोमवारी पहाटे भूकंप झाला होता आणि अर्धं गाव मठाच्या शेतात ताडपत्र्या बांधून राहत होतं. पंगतीसाठी रोज दोन पोती भाजी चिरायला लागे. अक्का त्या कामाला बसल्या होत्या.

अक्का म्हणजे इंदुमती हत्तुरे. एकतीस वर्षं त्यांनी इंजिनिअरिंग कॉलेजात इमारतींचं शास्त्र शिकवलं. देशात जिथं भूकंप होई तिथं त्या जात. पडलेल्या, कललेल्या, उभ्या राहिलेल्या इमारतींचे फोटो काढत, आणि प्रत्येक फोटोच्या मागं शिसपेन्सिलीनं तीनपैकी एक शेरा लिहीत. ‘राहण्याजोगी.’ ‘दुरुस्तीनंतर.’ ‘रिकामी करा.’

निवृत्तीनंतर त्या या मठात येऊन राहिल्या. वय चौऱ्याहत्तर. उजवा गुडघा गेलेला.

प्रज्वल डोईजोडे त्यांचा विद्यार्थी. नुसता विद्यार्थी नव्हे, भक्तच. चष्मा कपाळावर चढवून बोलायची अक्कांची सवयसुद्धा त्यानं उचलली होती. तीन वर्षांपूर्वी अक्कांनी आपले नऊ हजार फोटो त्याच्या हवाली केले, तेव्हा त्याला आपल्याला वारसा मिळाल्यासारखं वाटलं होतं. त्या फोटोंवर त्यानं संगणकाला शिकवलं. फोटो दाखवायचा, मागचा शेरा सांगायचा. पुन्हा फोटो, पुन्हा शेरा. लाखो वेळा. शेवटी शेरा न सांगता नुसता फोटो दाखवला तरी संगणक अक्कांचाच शेरा देऊ लागला.

देवणखेडला त्याची पहिली खरी परीक्षा होती.

प्रज्वल मंगळवारी चार सहकारी घेऊन पोहोचला. कॉलेजच्या मुलामुलींनी घरोघर जाऊन मोबाइलवर फोटो काढले. गावात काँक्रीटच्या इमारती चारशे बारा. हातानं तपासायच्या तर महिना गेला असता. यंत्रानं दोन दिवसांत निकाल दिला. एकोणतीस लाल, चौऱ्याण्णव पिवळ्या, दोनशे एकोणनव्वद हिरव्या.

गुरुवारी दारादारावर कागद चिकटवले गेले. ज्यांच्या दारावर हिरवा लागला ती माणसं संध्याकाळपर्यंत घरी गेली. म्हाताऱ्यांना खाट मिळाली, लेकरांना छप्पर मिळालं. लोकांनी प्रज्वलला हार घातला, पेढे दिले.

त्यातलेच पेढे घेऊन तो अक्कांकडे आला होता. त्याला सांगायचं होतं की हे सगळं तुमचं आहे. त्यानं यंत्राला नावही अक्कांचंच दिलं होतं... इंदू.

अक्कांनी पेढा घेतला. अर्धा मोडून त्याला दिला. त्याचं कौतुक केलं, मनापासून केलं. चार दिवस तिसऱ्या ताडपत्रीखाली दम्यानं बेजार झालेली म्हातारी काल स्वतःच्या घरात झोपली, ते त्याच्यामुळंच, असं त्या म्हणाल्या. आणि मग तो प्रश्न विचारला.

“परीक्षा कशी घेतलीस त्याची?” आता त्यांनी दुसऱ्या बाजूनं विचारलं.

प्रज्वलनं सांगितलं. नऊ हजारांतले एक हजार फोटो आधीच बाजूला काढले होते. यंत्राला ते कधीच दाखवले नव्हते. शेवटी त्या हजारांवर परीक्षा घेतली. शंभरात शहाण्णव बरोबर.

“म्हणजे पुस्तकही माझं आणि प्रश्नपत्रिकाही माझीच.”

“तुमच्याहून मोठं कोण आहे, अक्का?”



अक्कांनी हात पदराला पुसले आणि त्याचा टॅब मागितला. आधी लाल इमारती बघायच्या म्हणाल्या. एकेक फोटो बोटानं सरकवत गेल्या. बहुतेक खरोखरच मोडलेल्या होत्या. स्लॅब बसलेला, कॉलम फाटलेला, गज बाहेर आलेले. त्या मान हलवत पुढं जात होत्या.

एका फोटोवर त्या थांबल्या.

ते घर बलभीम सुरवसे नावाच्या कापडवाल्याचं होतं. गेल्या वर्षीच बांधलेलं. भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यापासून केसाएवढी एक चीर, तीही प्लास्टरची. बाकी घर ठणठणीत. यंत्र म्हणत होतं, रिकामी करा.

“हे लाल का?”

प्रज्वलनं तो फोटो आधीही पाहिला होता. त्यालाही क्षणभर नवल वाटलं होतं. पण त्यानं स्वतःची समजूत घातली होती, आणि तीच त्यानं अक्कांना ऐकवली.

“आपल्या डोळ्याला दिसत नाही ते त्याला दिसतं, अक्का.”

अक्कांनी फोटो दोन बोटांनी मोठा केला. बराच वेळ बघितला. मग मागं गेल्या, आणखी दोन लाल फोटो पुन्हा काढून बघितले...

भिंतीचा आधार घेत त्या उठल्या आणि खोलीत गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात स्टीलची जुनी फूटपट्टी होती. एक ते चारचे आकडे झिजून गेलेले.

खोलीसमोरच्या ओसरीला काँक्रीटचा एक कॉलम होता. दिवाळीत रंगवलेला. त्यावर ओरखडासुद्धा नव्हता.

“याचा फोटो काढ.”

प्रज्वलनं काढला. यंत्रानं उत्तर दिलं. हिरवा.

अक्कांनी फूटपट्टी कॉलमवर आडवी धरली.

“आता काढ.”

त्यानं काढला.

लाल.

प्रज्वलनं टॅबकडं पाहिलं. मग कॉलमकडं पाहिलं. दोन पावलं डावीकडं सरकून त्यानं पुन्हा फोटो काढला.

लाल.

“उजेड पडतोय पट्टीवर,” तो म्हणाला. “त्यानं गडबड होत असेल.”

अक्का पुढं चालू लागल्या. लंगडत, भिंतीला हात लावत. तो मागून गेला.

मठात पंगत बसायची तो मंडप भूकंपाच्या दिवशीच अक्कांनी दोरी बांधून बंद करायला लावला होता. त्याच्या कोपऱ्यातल्या कॉलमला तिरका तडा गेला होता. वरून बीमच्या कोपऱ्यापासून निघून खाली दुसऱ्या अंगाला पोचलेला. फार रुंद नव्हता, पण पलीकडच्या बाजूलाही तसाच होता. म्हणजे आरपार. कॉलमचा असा तडा बघून काय करायचं, हे अक्कांनी प्रज्वलला दुसऱ्या वर्षात शिकवलं होतं.

“काढ.”

त्यानं दोरीबाहेरून फोटो काढला.

हिरवा.

दोरी उचलून अक्का आत गेल्या. प्रज्वलनं त्यांना अडवायला हात पुढं केला, तो तसाच राहिला. त्यांनी तड्याशेजारी फूटपट्टी धरली.

“काढ.”

लाल.



मंडपाच्या पत्र्यावर कबुतरं चालत होती. लांब शेतात कुणीतरी भांडी घासत होतं.

“ते तड्याकडं बघतच नव्हतं,” प्रज्वल म्हणाला.

“माझ्या हाताकडं बघत होतं,” अक्का म्हणाल्या.

मग त्या दोरीबाहेर आल्या आणि पायरीवर बसून त्यांनी सांगितलं. त्यांच्या काळात कॅमेऱ्यात रोल असे, छत्तीस फोटोंचा. एका गावात शंभर इमारती बघायच्या तर फोटो जपून काढावे लागत. साध्या इमारतीचा एकच फोटो, लांबून. पण एखादा तडा बघून शंका आली, की त्या पट्टी लावत. किती रुंद आहे ते अहवालात लिहायला लागे. धोक्याच्या तड्यालाच पट्टी. पुढं डिजिटल कॅमेरा आला तरी हाताची सवय गेली नाही. चांगल्या कॉलमवर त्यांनी आयुष्यात कधी पट्टी ठेवली नाही. ठेवायचं कारणच नव्हतं.

सुरवसेंच्या फोटोत खिडकीच्या कट्ट्यावर गवंड्याची विसरलेली पट्टी दिसत होती. तेवढ्यावर त्यांचं घर लाल ठरलं होतं. आणि इथल्या मुलामुलींनी मोबाइलवर हजारो फोटो काढले होते, त्यांत पट्टी कुणाकडं होती?

पार कोसळल्यासारखं किंवा उघड मोडलेलं दिसणारं तेवढं यंत्रानं लाल-पिवळं म्हणून ओळखलं होतं. उरलेलं सगळं... पट्टी नाही म्हणून हिरवं.

प्रज्वल पायरीवर त्यांच्या शेजारी बसला.

अक्का मात्र टॅबवर मायेनं हात फिरवत होत्या.

“तीस वर्षं मी हे करत होते आणि मला पत्ता नव्हता. माझ्या एकाही विद्यार्थ्यानं कधी सांगितलं नाही. तुझ्या यंत्रानं सांगितलं. फार उपकार झाले त्याचे.”

प्रज्वलला वाटलं, त्या टोचून बोलतायत. त्यानं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. त्या खरंच तसं म्हणत होत्या.

तो जरा सावरला. मनातल्या मनात जुळवाजुळव करू लागला. त्याच्यासकट हाताशी पाच इंजिनिअर होते, आणखी काही बोलावता येतील. गुपचूप एकेक हिरवी इमारत पुन्हा तपासायची, जिथं चूक सापडेल तिथला कागद बदलायचा. लोकांत घबराट नको. चार-पाच दिवसांत काम उरकेल. हे सगळं त्यानं अक्कांना सांगितलं.

अक्कांनी ऐकून घेतलं.

“आत्ता, या घडीला, त्या घरांत माणसं किती असतील?”



प्रज्वल उठला आणि फाटकाकडं चालू लागला. फाटकापासून पुढं तो पळतच गेला.

नगरपंचायतीची घंटागाडी चौकात उभी होती. तिच्यावर कर्णा असतो. कचरा द्या म्हणून रोज गाणं वाजतं, तोच. ड्रायव्हर म्हणाला, काय सांगायचं ते लिहून द्या, मी वाचतो. प्रज्वल म्हणाला, नको, माझ्याच तोंडून जायला हवं. आणि तो ड्रायव्हरशेजारी बसला.

गल्लीगल्लीतून गाडी फिरली. तो सांगत होता. मी प्रज्वल डोईजोडे. काल तुमच्या दारावर हिरवा कागद मी लावला. माझ्या यंत्राची चूक झाली आहे, आणि ती मी तपासली नाही ही माझी चूक आहे. ज्यांच्या दारावर हिरवा कागद आहे त्यांनी कृपा करून बाहेर यावं. माणूस येऊन डोळ्यांनी बघेपर्यंत आत जाऊ नका.

लोक दारांत येऊन उभे राहिले. काही जण बडबडत बाहेर पडले. एका जिन्यावरून कुणीतरी ओरडून विचारलं, की काल आत जा म्हणालात, आज बाहेर या म्हणता, उद्या काय म्हणाल? प्रज्वलनं गाडी थांबवली, खाली उतरला आणि हात जोडले. उद्या काय म्हणेन ते मला आज माहीत नाही, असं त्यानं सांगितलं. तो माणूस आत गेला आणि त्यानं आपल्या आईला हाताला धरून खाली आणलं.

चौथ्या गल्लीच्या तोंडाशी नर्सिंगच्या मुलींचं वसतिगृह होतं. तीन मजली, चौसष्ट मुली. दारावर हिरवा कागद.

वॉर्डन होत्या सुशीला मंगरुळे. त्यांनी एक शब्द विचारला नाही. शिट्टी वाजवली आणि पाच मिनिटांत मुली अंगणात आल्या. कुणाच्या हातात बादली, कुणाच्या हातात पुस्तकं, एकीच्या केसांना नुसतंच तेल लावलेलं.

तेवढ्यात अक्का आल्या. मठाच्या टेंपोत पुढं बसून आल्या होत्या. पट्टी आणली नव्हती.

“चल, वर जाऊ.”

प्रज्वल म्हणाला, तुम्ही खालीच थांबा, मी बघून येतो. अक्का कठड्याला धरून पहिली पायरी चढल्यासुद्धा.

पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये, जिना जिथं वळतो तिथं त्या थांबल्या. वळणावरचा तो कॉलम मध्येच स्लॅबला अडकलेला असतो. भूकंपात पूर्ण उंचीचा कॉलम थोडा वाकतो आणि सुटतो, पण मध्येच अडकलेल्याला वाकायला जागा नसते. सगळा मार तो तेवढ्याशा अंगावर घेतो.

तो फाटला होता. तिरका. दोन्ही बाजूंनी. प्लास्टरचा पोपडा पायरीवर पडला होता आणि कुणीतरी तो झाडून कोपऱ्यात लोटला होता.

प्रज्वलनं टॅब काढून या वसतिगृहाचे फोटो उघडले. अकरा होते. सातव्या फोटोत हाच कॉलम होता. तडा स्पष्ट दिसत होता. शाळेतल्या पोरालाही दिसला असता.

आणि तो फोटो त्यानं स्वतः पाहिला होता. बुधवारी दुपारी, चहा पिताना. खाली हिरवं दिसलं म्हणून बोटानं पुढं सरकवला होता.

त्यानं हे अक्कांना सांगितलं.

गुडघ्यामुळं अक्का क्षणभर जिन्यावर टेकल्या. त्याला शेजारी बसायला सांगितलं नाही, कारण तिथं बसण्यासारखी जागा नव्हती. म्हणाल्या, की आधी खाली जाऊ, मग रड.

खाली गेल्यावर तो रडला नाही. त्यानं फोन करून बांधकामाचे लोखंडी टेकू मागवले. गावात एका ठेकेदाराचं काम चालू होतं, तो टेकू घेऊन स्वतः आला. दुपारपर्यंत जिन्याखाली, बीमखाली चौदा टेकू उभे राहिले. दारावरचा हिरवा कागद प्रज्वलनं नखानं खरवडून काढला.

शनिवारी सकाळी, साडेदहाच्या सुमारास, पुन्हा जमीन हलली.

सोमवारच्या मानानं धक्का लहान होता. दहा सेकंदही नसेल. मुली वसतिगृहासमोरच्या मोकळ्या जागेत अभ्यास करत बसल्या होत्या. त्यांना आतून एक आवाज ऐकू आला, जाड फांदी मोडल्यासारखा. मग धूळ आली.

कॉलम तुटला होता. जिना वीतभर खाली बसला आणि टेकूंवर अडकून राहिला. त्या वेळी मुली नेहमी जिन्यावरच असतात, मेसला जायची वेळ असते, असं कुणीतरी म्हणालं.

मंगरुळे बाईंनी मुली मोजल्या. चौसष्ट. पुन्हा मोजल्या. चौसष्ट.

त्या प्रज्वलपाशी आल्या आणि त्याचे दोन्ही हात धरले. तो अवघडला. म्हणाला, बाई, मला कशाला, आत जा म्हणून सांगणारा मीच होतो.

“ते मला माहीत आहे,” मंगरुळे बाई म्हणाल्या. “बाहेर या म्हणून सांगायलाही तुम्हीच आलात. तेही मला माहीत आहे.”

त्यांनी हात सोडले नाहीत.

पुढचे सहा दिवस प्रज्वल आणि त्याची माणसं घरोघर गेली. हिरव्या दोनशे एकोणनव्वदपैकी वसतिगृह गेलं. उरलेल्या दोनशे अठ्ठ्याऐंशी त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या, हातानं चाचपल्या, कपाटं सरकवून मागच्या भिंती बघितल्या. त्यांतल्या सतरा ठिकाणी कागद बदलावा लागला. बाकीचे लोक घरी गेले, आणि या खेपेला त्यांना कुणी बाहेर बोलावलं नाही. बलभीम सुरवसेही आपल्या घरी गेला. जाताना त्यानं इंजिनिअरांच्या तंबूत चादरींचा गठ्ठा ठेवला आणि कुणी विचारायच्या आत निघून गेला.

संध्याकाळी प्रज्वल मठात येई आणि अक्कांसमोर बसे. सगळं यंत्र मोडीत काढतो, असं तो पहिल्या दिवशी म्हणाला होता. अक्का त्याच्यावर रागावल्या. आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या रागावल्या. तुझं यंत्र मन लावून शिकणारं पोर आहे, त्याला जे दाखवलं ते ते शिकलं, चूक दाखवणाऱ्यांची आहे, असं त्या म्हणाल्या. मग दोघं मिळून कामाला लागले.

जुन्या फोटोंतली प्रत्येक पट्टी त्यानं झाकली. अक्कांचा हात, अक्कांची सावली, चपलेचं टोक, तेही झाकलं. देवणखेडचे सगळे फोटो, नव्यानं हातानं तपासून लिहिलेल्या शेऱ्यांसकट, त्यात घातले. परीक्षेला दुसऱ्याच गावचे फोटो घेतले, दुसऱ्याच माणसांनी काढलेले. यंत्र आता शंभरात अठ्ठ्याऐंशी वेळा बरोबर येत होतं.

“कमी झालं,” प्रज्वल म्हणाला.

“खरं झालं,” अक्का म्हणाल्या.

आणि एक चौथा शेरा त्यांनी घातला. तो अक्कांनी सुचवला. जिथं यंत्राला खात्री नसेल तिथं त्यानं लाल-पिवळं-हिरवं काही म्हणायचं नाही. ‘कळत नाही, माणूस पाठवा’ असं म्हणायचं.

शेजारच्या सात खेड्यांत ते घेऊन गेले. दोनशे तीस इमारतींपैकी एकसष्टांना यंत्र ‘कळत नाही’ म्हणालं. इंजिनिअर आधी तिकडं गेले, आणि तिथंच त्यांची खरी गरज होती. बाकीच्या इमारतींच्याही दारापर्यंत माणूस गेलाच, पण यादी हातात होती, दिवस वाचले. एका दवाखान्याचा कललेला भाग पहिल्याच दिवशी सापडला. खाटा झाडाखाली हलवल्या. दोन बाळंतिणी होत्या, त्यांच्यातली एक प्रज्वलला म्हणाली, पोराचं नाव तुमचं ठेवते. तो म्हणाला, मुलगी झाली असती तर मीच एक नाव सुचवलं असतं.

भूकंपानंतर तीन आठवड्यांनी तो परत निघाला.

अक्का त्याला सोडायला एसटी स्टँडवर आल्या. नको म्हटलं तरी आल्या. गाडीला अर्धा तास होता. दोघं फलाटावरच्या सिमेंटच्या बाकावर बसले. प्रज्वलनं दोन चहा आणले. स्टँडवर गर्दी होती, पण तिच्यात आता ती भेदरलेली घाई नव्हती. माणसं निवांत बोलत होती. भुईमुगाच्या शेंगा विकणारी बाई अक्कांना ओळखत होती, तिनं ओंजळभर शेंगा तशाच त्यांच्या पदरात टाकल्या.

प्रज्वलच्या मनात बरंच बोलायचं होतं. ते त्यानं रात्री झोपण्याआधी जुळवूनही ठेवलं होतं. तुम्ही नसता तर, इथून सुरुवात करायची होती. पण समोरून मंगरुळे बाईंच्या मुली चालल्या होत्या, चौघीजणी, पांढऱ्या गणवेशात, कशावर तरी हसत. त्यांनी त्याला पाहून हात हलवला. त्यानंही हलवला. आणि ते जुळवलेलं सगळं तो विसरून गेला...

“अक्का,” तो म्हणाला, “यंत्राचं नाव बदलू का?”

“काय ठेवशील?”

“ते अजून ठरलं नाही.”

“मग राहू दे. नाव रिकामं राहू दे.”

गाडी लागली. कंडक्टरनं दार उघडलं, लोक चढू लागले. प्रज्वलनं बॅग खांद्यावर घेतली. अक्काही उठल्या आणि फलाटाच्या कॉलमला पाठ टेकून उभ्या राहिल्या.

कॉलेजात असताना अक्का कुणाला पाया पडू देत नसत, हे त्याला ठाऊक होतं. तरी तो वाकला.

अक्कांनी पाय मागं घेतले नाहीत. पण पाठीवर हातही ठेवला नाही.

त्या जरा बाजूला सरकल्या, इतकंच.

“मला आता वाकवत नाही, प्रज्वल,” त्या म्हणाल्या. “तू वाकलाच आहेस, तर तेवढा या कॉलमचा तळ बघून घे.”